किरणोत्सर्ग सुरक्षेचे नियमन : केंद्र, राज्ये आणि राष्ट्रे

तंजावरचे नाव निघाले की मराठी वाचकाला व्यंकोजीराजांनी स्थापिलेले राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय आणि तेथील मोडी दफ्तरे आठवतात. दुसरे सरफोजी राजे यांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) येथील धन्वंतरी महालात रुग्णांवर उपचार होत. नेत्ररोग्यांवर कोणते उपचार झाले व त्यांचा काय परिणाम झाला, याची टिपणे लिहून ठेवली जात आणि त्यांतील काही आजही जतन केलेली आहेत. उपचार करणाऱ्याने आपल्या कामाची नोंद ठेवावी आणि ती राज्यसंस्थेच्या दफ्तरी असावी, ही कल्पना कावेरीच्या खोऱ्यात दोन शतके जुनी आहे.

आज याच तंजावरमध्ये, कुंभकोणम व पट्टुकोट्टईसारख्या गावांत आणि देशातील बहुतेक तालुक्यांत क्ष-किरण यंत्रे आहेत. सी. टी. स्कॅनची केंद्रे निघाली आहेत. मोठ्या रुग्णालयांत कर्करोगावर किरणोपचार होतात. ओरत्तनाडूहून हाड मोडलेले मूल घेऊन आलेल्या पालकाला यंत्राचा परवाना आहे का, खोलीची भिंत पुरेशी जाड आहे का, हे कळण्याचा काहीही मार्ग नसतो. ते कोणी पाहावयाचे, त्याचा खर्च कोणी करावयाचा आणि एका राज्यातील अथवा देशातील हलगर्जीपणा दुसरीकडे पोहोचला तर काय करावयाचे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अदृश्य जोखीम आणि बाजारपेठेची मर्यादा

किरणोत्सर्ग ही काही केवळ मानवनिर्मित बाब नव्हे. जमिनीतील खनिजे, अंतराळातून येणारे किरण व हवेतील रेडॉन वायू यांमुळे प्रत्येक माणसाला वर्षाकाठी जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतकी नैसर्गिक मात्रा मिळतच असते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूच्या पट्ट्यात ती याच्या कितीतरी पट आढळते. तेव्हा किरणोत्सर्ग म्हणजे तात्काळ विनाश, ही समजूत चुकीची आहे. तसेच, थोड्या मात्रेने काहीच होत नाही म्हणून दक्षतेची गरज नाही, हा निष्कर्षही चुकीचाच आहे. पोटाच्या एका सी. टी. स्कॅनमध्ये छातीच्या शंभराहून अधिक क्ष-किरण छायाचित्रांइतकी मात्रा मिळू शकते. रुग्णाला तिचा लाभ मिळतो. भिंतीपलीकडे बसलेल्या नातेवाइकाला किंवा वर्षानुवर्षे यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञाला मात्र लाभ नसताना मात्रा मिळत असेल, तर ती टाळणे हे सुरक्षेचे काम होय.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे बाजारपेठ तीन कारणांनी अपुरी पडते. पहिले कारण माहितीची विषमता. ग्राहकाला वस्तूचा दोष दिसत असेल तर तो दुसऱ्या दुकानात जातो. पण किरणांना रंग, वास वा स्पर्श नसल्याने सुरक्षित व असुरक्षित सेवा त्याला सारख्याच दिसतात. अशा स्थितीत शिशाचे आवरण व नियमित तपासणी यांवर खर्च करणारा व्यावसायिक तोट्यात जातो आणि खर्च टाळणारा स्वस्तात सेवा देऊ शकतो. दुसरे कारण काळाचे अंतर. कर्करोगासारखा परिणाम अनेक वर्षांनी दिसतो, तेव्हा त्याचे कारण अमुक एक खोली होती हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे नुकसानभरपाईच्या दाव्याची भीतीही निष्प्रभ ठरते. तिसरे कारण म्हणजे हानी पुष्कळदा व्यवहाराशी संबंध नसलेल्या त्रयस्थाच्या वाट्याला येते. ही तिन्ही कारणे एकत्र आली म्हणजे शासकीय नियमनाला पर्याय उरत नाही.

नियमांची चौकट

भारतात अणुऊर्जेविषयीची व्यवस्था १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यावर उभी राहिली. त्या कायद्याखाली १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे असून दक्षिणेकडील राज्यांसाठी चेन्नई येथे विभागीय नियामक केंद्र आहे. अणुवीज प्रकल्प, रुग्णालये, कारखान्यांतील औद्योगिक किरणचित्रण, अन्नपदार्थांवरील किरण प्रक्रिया आणि संशोधन संस्था हे सर्व मंडळाच्या कक्षेत येतात. १९७१ च्या नियमांची जागा २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी घेतली.

या व्यवस्थेत मात्रेची मर्यादा ठरवून दिलेली आहे. व्यवसायामुळे किरणांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, तर सर्वसामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट अशी ती मर्यादा आहे. (रुग्णाला उपचारासाठी द्यावयाच्या मात्रेस ही मर्यादा लागू नसते, तेथे वैद्यकीय गरज हाच निकष असतो.) कर्मचाऱ्याने छातीवर लावावयाचा मापक बिल्ला ठरावीक काळाने प्रयोगशाळेत पाठविला जातो आणि त्याला किती मात्रा मिळाली याची नोंद होते. क्ष-किरण खोलीची भिंत साधारणतः ९ इंची विटांची किंवा तितकेच संरक्षण देणारी असावी, दाराला शिशाचे अस्तर असावे, तंत्रज्ञासाठी संरक्षक पडदा व एप्रन असावा, अशा अटी आहेत. एकंदर बांधकामाच्या खर्चाशी तुलना करता हा खर्च मोठा नाही. त्यामुळे अडचण खर्चापेक्षा पालन होते की नाही हे पाहणाऱ्या यंत्रणेची आहे.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. क्ष-किरण यंत्र वीज बंद केली की निरुपद्रवी होते. कोबाल्ट-६० सारखा किरणोत्सर्गी स्रोत मात्र रात्रंदिवस किरण सोडीत राहतो. त्याची तीव्रता निम्मी होण्यास सुमारे ५.३ वर्षे लागतात. म्हणून क्ष-किरण यंत्राबाबत वापराच्या काळातील देखरेख महत्त्वाची, तर स्रोताबाबत वापर संपल्यानंतरची देखरेख अधिक महत्त्वाची ठरते.

दोन सूची, एक जबाबदारी

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात एक लक्षणीय योगायोग आहे. संघसूचीतील सहावा विषय अणुऊर्जा हा आहे, तर राज्यसूचीतील सहावा विषय सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हा आहे. क्ष-किरण खोली या दोन्ही विषयांच्या सीमेवर उभी आहे. यंत्रातून निघणारे किरण केंद्राच्या अखत्यारीत, तर ज्या इमारतीत ते यंत्र आहे तो दवाखाना राज्याच्या अखत्यारीत. तज्ज्ञता मुंबईत आहे आणि दवाखाना कुंभकोणमला आहे. प्रत्येक खोलीला मुंबईहून किंवा चेन्नईहून निरीक्षक पाठविणे व्यवहार्य नाही. उलट, जिल्हा आरोग्य यंत्रणेचा माणूस त्या गावात असतोच, पण त्याच्यापाशी मापनाची साधने व प्रशिक्षण नसते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय असावे, अशी कल्पना पुढे आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसे निर्देश दिले. प्रत्यक्षात काय झाले, ते भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये संसदेसमोर ठेवलेल्या अहवालावरून दिसून आले. त्या अहवालानुसार देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांपैकी केवळ ५,२७० यंत्रे मंडळाकडे नोंदलेली होती. उरलेली ५२,१७३, म्हणजे सुमारे ९१ टक्के, नियमनाच्या बाहेर होती. त्या वेळच्या २८ राज्ये व ७ केंद्रशासित प्रदेशांपैकी फक्त केरळ आणि मिझोराम येथे असे संचालनालय स्थापन झाले होते.

त्यानंतर परिस्थितीत सुधारणा झाली, हेही नमूद केले पाहिजे. मंडळाने २०१३ पासून ई-लोरा ही संगणकीय परवाना प्रणाली सुरू केली. यंत्राचा उत्पादक, पुरवठादार व वापरकर्ता एकाच प्रणालीत आल्याने यंत्र विकले जातानाच त्याची नोंद होणे शक्य झाले. अनेक राज्यांनी मंडळाशी सामंजस्य करार केले. मात्र नोंदणी म्हणजे तपासणी नव्हे. कागदावर पुरेशी असलेली भिंत प्रत्यक्षात तशी आहे काय, हे कोणीतरी जाऊन पाहावेच लागते.

राज्ये या कामी मागे का राहिली, याचे एक उत्तर आर्थिक आहे. संचालनालयाचा आवर्ती खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातून व्हावयाचा. पण टळलेल्या आजाराचे श्रेय कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ज्या कामाचा खर्च आज दिसतो आणि लाभ वीस वर्षांनी, तोही अदृश्य स्वरूपात होतो, ते काम मागे पडणे स्वाभाविक आहे. नियमनाचा बराचसा खर्च वापरकर्त्यांकडून वसूल न होता मंडळालाच सोसावा लागतो, याकडे लेखापरीक्षकांच्या त्याच अहवालाने लक्ष वेधले होते.

तंजावरच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. नागपट्टिणमचा प्रदेश १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्याचाच भाग होता. त्याला लागून असलेला, तीन बाजूंनी तामिळनाडूने वेढलेला कारैकल जिल्हा मात्र पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशात मोडतो. रुग्ण, डॉक्टर, तंत्रज्ञ आणि जुनी यंत्रे ही सीमा रोज ओलांडतात. एका बाजूला तपासणी कडक व दुसऱ्या बाजूला सैल असेल, तर नाकारलेले यंत्र पलीकडे जाऊन बसण्यास वेळ लागत नाही. बेळगाव-कोल्हापूर किंवा सिंधुदुर्ग-गोवा या पट्ट्यांतही हीच शक्यता आहे. म्हणून राज्याराज्यांत नोंदींची देवाणघेवाण ही या व्यवस्थेची मूलभूत गरज होय.

भंगाराच्या वाटेने

स्रोत नजरेआड झाला तर काय घडते, हे ब्राझीलमधील गोयानिया शहराने १९८७ मध्ये अनुभवले. बंद पडलेल्या एका उपचार केंद्रात मागे राहिलेले सिझियम-१३७ चे यंत्र भंगार गोळा करणाऱ्यांच्या हाती लागले. चार जणांचा मृत्यू झाला, २४९ जणांच्या शरीरावर वा शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य आढळले आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरी भंगार बाजारात जे घडले, ते याच जातीचे होते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९८५ पासून वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे एक उपकरण त्या वर्षी फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकले गेले. ते फोडताना कामगारांना तीव्र मात्रा मिळाली. एकाचा मृत्यू झाला आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अणुघटनांच्या सात पायऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर ही दुर्घटना चौथ्या पायरीवर नोंदली गेली. यातील सामाजिक विषमता विसरता येणार नाही. उपकरणाचा लाभ संशोधनाला झाला, विक्रीची रक्कम संस्थेला मिळाली आणि किंमत रोजंदारीवरील कामगाराने मोजली.

भंगार वितळविले गेले तर धोका देशाच्या सीमाही ओलांडतो. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समधील एका कारखान्यात लिफ्टच्या बटनांसाठी आणलेल्या पोलादी भागांत कोबाल्ट-६० आढळले. ते भाग भारतातून गेलेले होते व त्यांचा माग महाराष्ट्रातील एका ओतशाळेपर्यंत पोहोचला. फ्रान्समधील त्या कारखान्यातील सुमारे वीस कामगारांना १ ते ३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाल्याचा अंदाज होता. म्हणजे सर्वसामान्य नागरिकासाठी असलेल्या वार्षिक मर्यादेइतकी किंवा तिच्याहून अधिक. कोणी आजारी पडले नाही, तरी निर्यातदारांच्या विश्वासार्हतेला धक्का बसला. भारतात येणाऱ्या आयात भंगारातूनही असा स्रोत येऊ शकतो. त्यानंतरच्या काळात बंदरांवर किरणोत्सर्ग शोधक यंत्रे बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. मोठ्या ओतशाळांनी भट्टीत माल टाकण्यापूर्वी तो साध्या मापकाने तपासणे, हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली व भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेने सहकार्याची निकड स्पष्ट केली. त्याच वर्षी दोन करार झाले : दुर्घटनेची सूचना तत्काळ देण्याचा आणि आपद्ग्रस्त देशास साहाय्य करण्याचा. १९९४ च्या अणुसुरक्षा करारास भारताने २००५ मध्ये अनुमोदन दिले. या करारान्वये प्रत्येक देश आपल्या अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेचा अहवाल इतरांसमोर ठेवतो आणि त्यावरील प्रश्नांना उत्तरे देतो. येथे दंड नाही. समव्यावसायिकांसमोर उत्तरदायी असणे हेच बंधन. किरणोत्सर्गी स्रोतांबाबत २००३ ची आचारसंहिता आहे. तिने स्रोतांची त्यांच्या धोक्यानुसार वर्गवारी करून, निर्यात करणाऱ्या देशाने आयात करणाऱ्या देशाची क्षमता पाहावी, असे सुचविले.

अशा देवाणघेवाणीचे मोल तंजावरच्या किनारपट्टीने जवळून पाहिले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने नागपट्टिणम उद्ध्वस्त केले. त्याच लाटेचे पाणी उत्तरेकडील कल्पाक्कम येथील अणुवीज केंद्राच्या पंपगृहात शिरले. चालू असलेली अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली आणि नियामक मंडळाच्या परवानगीनंतरच ती पुन्हा सुरू झाली. २००५ मध्ये कल्पाक्कम येथेच पुराच्या धोक्याविषयी आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. सहा वर्षांनी जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. अनुभव सांगितला गेला तरी प्रत्येक देश तो वेळेवर अमलात आणतोच असे नाही, हा त्यातला कटू धडा.

पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे श्रीलंका आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये भारत व श्रीलंका यांच्यात झालेल्या अणुसहकार्य करारात किरणोत्सर्ग सुरक्षा, किरणोत्सर्गी कचऱ्याचे व्यवस्थापन व आपत्ती निवारण यांचा अंतर्भाव आहे. अमेरिका, फ्रान्स व रशिया या देशांच्या नियामकांशी भारतीय मंडळाची माहिती देवाणघेवाणीची व्यवस्था आहे आणि २०१७ मध्ये बांगलादेशाच्या नियामकाशीही तशी व्यवस्था झाली. ज्या पाकिस्तानशी आपले संबंध सातत्याने तणावाचे राहिले, त्याच्याशीही अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार १९८८ मध्ये झाला व १९९२ पासून दर १ जानेवारीस उभय देश आपापल्या केंद्रांच्या याद्या परस्परांना देत आले आहेत.

नियामकाची स्वायत्तता

नियामक ज्यावर देखरेख करतो त्याच्याच छत्राखाली असू नये, हे नियमनाचे मूलतत्त्व आहे. भारतीय मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते आणि आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव असत. स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचे विधेयक सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत मांडले गेले, परंतु २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा संपताच ते व्यपगत झाले. २०१५ मध्ये भारताच्या निमंत्रणावरून आलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ पथकानेही मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यात अंतर्भूत करावे, अशी शिफारस केली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या, 'शांती' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात मंडळाला वैधानिक दर्जा देण्यात आला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानी नागरी दायित्व कायदा यांची जागा घेणाऱ्या या कायद्याने अणुवीज क्षेत्र खाजगी उद्योगांनाही खुले केले आहे. नियंत्रित क्षेत्रात नफ्याचे हेतू जितके वाढतील, तितका नियामक अधिक सक्षम असावा लागतो. वैधानिक दर्जा ही त्याची पहिली पायरी आहे; मनुष्यबळ, निधी आणि निर्णय प्रकट करण्याची सवय या पुढच्या पायऱ्या होत.

पुढील दिशा

या विवेचनातून काही सूचना निघतात. पहिली अशी की, दवाखान्याचा परवाना आणि क्ष-किरण यंत्राचा परवाना यांची सांगड घालावी. तामिळनाडूत १९९७ चा वैद्यकीय आस्थापना कायदा आहे, महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्यांखालील नूतनीकरणाच्या वेळी मंडळाचे प्रमाणपत्र पाहिले गेले, तर नवी यंत्रणा न उभारताही बरेच साधेल. दुसरी अशी की, राज्य संचालनालयांचा खर्च परवाना शुल्कातून भागवावा व त्या शुल्काचा ठरावीक हिस्सा राज्यांना मिळावा. काम राज्याने करावयाचे व शुल्क केंद्राने घ्यावयाचे, अशा व्यवस्थेत राज्याला रस वाटणार नाही.

तिसरी सूचना स्रोतांबाबत. गॅस सिलिंडर घेताना आपण अनामत भरतो, त्यामुळे रिकामे सिलिंडर उकिरड्यावर जात नाही. त्याच तत्त्वाने, किरणोत्सर्गी स्रोत खरेदी करतानाच त्याच्या अंतिम विल्हेवाटीची रक्कम अनामत म्हणून घेतली जावी आणि स्रोत पुरवठादाराकडे अथवा अधिकृत केंद्राकडे परत गेल्यावर ती मोकळी व्हावी. मग संस्था तो अडगळीत विसरणार नाही. चौथी सूचना नागरिकांसाठी आहे. परवान्याची प्रत खोलीच्या दाराशी स्थानिक भाषेत लावणे बंधनकारक झाले, तर तंजावरमध्ये तामिळ आणि साताऱ्यात मराठी वाचणारा रुग्णही निरीक्षक होऊ शकेल. गर्भवती स्त्रीने आपली अवस्था तंत्रज्ञास सांगणे, विनाकारण पुन्हा छायाचित्र न काढणे आणि पूर्वीची छायाचित्रे जपून ठेवणे, एवढी काळजी तर आजच घेता येईल.

किरणांना जिल्ह्याची, राज्याची किंवा राष्ट्राची सीमा ठाऊक नसते. नियमन मात्र सीमांच्या आतच चालते. हे अंतर भरून काढण्याचे साधन म्हणजे विश्वासार्ह नोंद आणि तिची देवाणघेवाण. धन्वंतरी महालातील टिपणे रुग्णाच्या डोळ्यांत काय झाले ते सांगतात. क्ष-किरण खोलीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या तंत्रज्ञाला किती मात्रा मिळाली, हेही तितक्याच निगुतीने लिहिले जावे, इतकी अपेक्षा आपण शासनाकडून आणि व्यावसायिकांकडून निश्चितच बाळगू शकतो.